मानेमागची गाठ

तुमच्या घरातल्या मुलीच्या मानेमागे, केसांच्या अगदी मुळाशी, तुम्ही शेवटचं बोट कधी फिरवलं होतं? आठवत नसेल, तर शेंडामावशीने तुम्हाला दारातच उभं करून विचारलं असतं. ती माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी मान. तेही परवानगी न घेता. मेहकरच्या एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. एखाद्या अनोळखी बाईच्या मागे येऊन उभी राहायची आणि दोन बोटं सरळ तिच्या केसांत घालायची. दिवसभर पाण्यात असलेली ती बोटं भर उन्हाळ्यातही गार असत. बाई दचकून मागे वळली की ही शांतपणे म्हणायची, "काई नाई वं माय. मोकळी हाय." आणि निघून जायची. मागे राहिलेली बाई कितीतरी वेळ स्वतःची मान चोळत बसायची.

स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं पार्लर होतं. एक खुर्ची, एक आरसा, डोकं धुवायचं बेसिन आणि पडद्याआड एक खोली. शेंडामावशी हे नाव शाळेतल्या पोरींनी पाडलेलं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने केस केरसुणीसारखे होतात, म्हणून कंडिशनरच्या पुड्या आता खेड्यातल्या किराणा दुकानातही लोंबतात. बाया ती पुडी तेलासारखी टाळूवर चोळत आणि दुसऱ्या दिवशी चिकट डोकं घेऊन मावशीकडे येत. मग मावशी ओरडायची, "टाळूले नाई, शेंड्याले! कानाच्या खाली लाव, पोरी, शेंड्याले!" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

सगळ्यांना एकच पुडी आणि एकच रीत हे तिला मान्य नव्हतं. बारीक, सरळ, तेलकट केसांची पोरगी आली की म्हणायची, "तुले थेंबभर पुरे. टोकाले लाव, अन् दर येळी नोको लावू, नाई तं केस डोक्याले चिपकून बसतीन." मेंदीने राठ केस झालेल्या मास्तरीणबाईंना, "तुम्ही दर धुन्याले लावा मॅडम, अन् लावल्याबरोबर धुऊ नका, जरा दम धरा." कुरळ्या केसांवर तिचा विशेष जीव. "तू पुडी पुरी फाड. कंडिशनर केसात हाये तोवर ओल्यातच इंचर, खालून वर. सुक्यात फनी घालशीन तं केसही तुटतीन अन् माही फनीही." एकदा बायकोला घ्यायला आलेला एक गृहस्थ दारातूनच म्हणाला, "मावशी, मले चालते का हे?" मावशीने त्याच्या चकचकीत डोक्याकडे नीट निरखून पाहिलं. "भाऊजी, तुमचे शेंडे कुठं हायेत? साबन लावा अन् मोकळे व्हा." बायको हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली.

पण हसणं ओसरलं की तिचं एक वाक्य यायचं. बाटलीवर लिहिलेलं वाचून कुणी विचारलं की याने केसांत जीव येतो का, तर ती त्या पोरीची वेणी आरशासमोर उचलून धरायची. "हे मेलेलं हाय. मुळाशी, कातडीच्या आत जित्तं. बाहीर आलं का मेलं. आपन मेलेलं डोक्यावर घेऊन हिंडतो. मेलेल्याले मऊ ठिवता येते, जित्तं नाई करता येत." पोरगी आरशात आपल्याच वेणीकडे अशी बघायची, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

मी तिच्याकडे गेले ती केस घेऊन नव्हे, पत्रक घेऊन. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. बाबा विहारासमोर पत्रकं वाटायचे, आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. पाढ्यांच्या आधी मला 'जागे व्हा' हे शब्द वाचता आले. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले आणि त्यातलं एक जटेवर होतं. डोक्यात झालेला केसांचा गुंता म्हणजे देवीचं बोलावणं, तो कापला तर कोप होतो, असं सांगून बायकांची अख्खी आयुष्यं कोण वाया घालवतं, असा त्यात सवाल होता. मावशीने ते उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "चांगलं हाय. पन 'अज्ञानाच्या बेड्या तोडा' म्हून लिवलं, तं कशानं तोडा ते लिव ना. कैची कुठं भेटते ते लिव. माह्या दुकानाचा पत्ता टाक."

पुढच्या पत्रकावर मी पत्ता टाकला. तिथून आमची सोबत सुरू झाली.

पडद्याआडच्या खोलीत ती काय करते हे तेव्हा मला कळलं. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी, रस्ता उन्हाने ओस पडला की, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेली एखादी बाई गल्लीत यायची. मावशी शटर अर्ध्यावर ओढायची. जट हा शब्द ती कधी उच्चारत नसे. 'ती' म्हणायची. "किती वर्साची हाय ती?" "ती कुठवर उतरली?" पदर बाजूला झाला की खोलीत वास पसरायचा. जुनं तेल, हळद, ओल, आणि त्याखाली कपाटामागे मेलेल्या उंदरासारखं काहीतरी. पंखा बंद ठेवावा लागे. शटरखालून आलेली उन्हाची पट्टी जमिनीवर सरकत असायची आणि मावशीची बोटं सरकत असायची. नवा गुंता असेल तर ती कापत नसे. शाम्पूने धुवायची, मग कंडिशनर ओंजळीने ओतायची, मुरू द्यायची आणि एकेक बट बोटांनी सोडवायची. केस सुटताना कागद फाटल्यासारखा बारीक आवाज येई. जुनी, दोरासारखी वळलेली असेल तर मात्र कात्री.

आणि कात्री किंवा कंडिशनर, हात लावण्याआधी प्रत्येक वेळी ती डोळे मिटून, हलक्या पण स्पष्ट आवाजात म्हणायची, "आई, कोप करायचा तं माह्यावर येऊ दे. लेकरावर नोको."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. ती बाई गेल्यावर मी भांडले. "मावशी, तू गुंता सोडवतेस आणि वर अंधश्रद्धेलाच हात जोडतेस! ही फसवणूक आहे."

"कोनाची?"

"त्या बाईची. आणि तुझीही."

ती फणीतले केस काढत होती. "मले भेव वाटते म्हून म्हनते. तुले वाटत नसीन तं तू नोको म्हनू."

मग तिने सांगितलं, एवढंच एकदा. तिच्या आईच्या डोक्यात 'ती' होती. लहानपणी मावशी आईजवळ झोपायची आणि दोघींच्या मध्ये ती जट पडलेली असायची, तिसरं कुणी निजल्यासारखी. झोपेत हात लागला की गार लागायची. आई सांगायची, देवी निजली, उठवू नको. "मी अंग चोरून झोपायची. आईच्या गळ्यात हात टाकून झोपनं मले माहीतच नाई." आई गेली तेव्हा जट तिच्यासोबत चितेवर गेली. कात्री लावायची कुणाची छाती झाली नाही. "आई जळाली पन तो वास माह्या नाकातून गेला नाई. अजून कोनाची मान पाह्यली का मले वाटते, तिथं कोनी निजलं तं नाई ना." ती बोटं का फिरत असतात हे मला त्या दुपारी समजलं. भांडण मात्र मी सोडलं नाही. ज्या देवीला आईच्या कुशीतून लेकरू बाजूला सारावं लागतं, तिला हात कशाला जोडायचे?

जानेफळची पूनम आली तीही दुपारीच. सातवीतली पोर, आईने दंडाला धरून आणलेली. केस दाट, कुरळे. टायफॉइडने बरेच दिवस अंथरुणाला खिळली, डोकं धुतलं गेलं नाही, उशीवर घासून मानेमागे केसांचा गोळा झाला. घडलं होतं ते इतकंच. पण शेजारणीने तो पाहिला आणि 'देवी आली' म्हणत घरोघरी सांगत सुटली. मग पाणी बंद, फणी बंद. गोळ्यावर हळद-कुंकू, वर तेल. ते चिकटून त्याची दोरी झाली आणि ती पाठीवर उतरू लागली. शाळा सुटली. मंगळवारी, शुक्रवारी गावातल्या बाया सातवीतल्या पोरीच्या पाया पडायला येऊ लागल्या. आता येत्या जत्रेत तिला देवीला सोडायचं, म्हणजे तिचं लग्न नाही, संसार नाही, जन्मभर जोगवा, असं जाणत्यांनी ठरवत आणलं होतं. आईला बाजारात आमचं पत्रक मिळालं. पत्ता वाचून, कुणाला न सांगता, ती पोरीला एसटीत घालून घेऊन आली.

पूनम खुर्चीवर बसली आणि हललीच नाही. पाया पडून घेताना पोरी अशाच बसायला शिकतात. आरशात पाहून ती म्हणाली, "दुपारी मी निजली का ती चालते."

"कोन चालते?"

"ती. मानेवरून. मले कळते."

उवा, मी मनात म्हटलं. आणि खरोखर, गोळा उचलला तेव्हा त्याखाली उवांचं घरच होतं. पण त्याआधी मावशीने बोटं आत घातली आणि झटकन बाहेर काढली. तिला असं करताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

"गरम हाय," ती पुटपुटली.

खाली कातडी पिकली होती, म्हणून गरम. हे मला दोन मिनिटांनी दिसलं. त्या दोन मिनिटांत माझी सगळी पत्रकं कुठे गेली होती, मला सांगता येणार नाही.

मावशीने डोळे मिटून आपलं वाक्य म्हटलं आणि कामाला लागली. मुळाजवळचे केस कंडिशनरने सुटत होते, खालच्या दोरीला कात्रीच लागणार होती. बोटांना काहीबाही लागत गेलं. कुंकवाची खपली. तांदळाचा दाणा. कडुलिंबाची काडी. मग एक फणीचा दात. तो पाहताच पूनमची आई भिंतीला टेकली.

"मीच घातली होती फनी," ती म्हणाली. "सुरवातीले. चोरून. सोडवाले गेली तं दात तुटला. मले वाटलं, देवीनं तोडला. मंग मीच हळद लावली, मावशी. मी माह्या हातानं लावली."

"सुक्यात घातली असीन," मावशी म्हणाली. "कुरळे केस सुक्यात तोडतातच दात. देवीले काय फन्या तोडन्याचं काम हाय?" आणि तुटलेला दात तिने आईच्या तळहातावर ठेवला.

दोरी कापून झाली. पूनमची मान मात्र तशीच एका बाजूला कललेली राहिली, जणू ओझं अजून लोंबत होतं. जट जमिनीवर पडली होती आणि पोरगी तिच्याकडे बघत होती.

"ती आता कुठं जाईन?"

मी तोंड उघडलं होतं, पण मावशी आधी बोलली. जट माझ्याच पत्रकात गुंडाळत म्हणाली, "माह्यापाशी राहीन."

पडद्याबाहेर आल्यावर मी चिडले. मावशी म्हणाली, "लेकराले पत्ता द्या लागते वं. नाई तं ते जन्मभर धुंडत बसते." पूनम गेली. आईने जत्रेला नकार दिला, पोरगी शाळेत जाऊ लागली, मानही सरळ झाली. मी ती गोष्ट विजयाच्या यादीत टाकली आणि पुढच्या पत्रकाला लागले.

मग मावशीचं पोट दुखू लागलं. अकोल्याला तपासण्या झाल्या. कर्करोग निघाला. औषधं सुरू झाली आणि तिचे केस गळायला लागले. आधी उशीवर, मग मुठीत, मग सगळेच. भुवयासुद्धा.

गावाने काय म्हटलं असेल, हे तुम्हाला सांगायला नको. आली तिच्यावर. दुसऱ्यांच्या डोक्यातली काढत होती, देवीने तिचं डोकंच साफ केलं. ज्या बायांच्या वेण्या तिने लग्नात घातल्या होत्या, त्या गल्लीच्या दुसऱ्या बाजूने चालू लागल्या. खुर्ची रिकामी राहिली. भर दुपारी मी गेले तर मावशी स्वतःच त्या खुर्चीत बसलेली असायची, आरशासमोर, उघड्या डोक्याने. शटर अर्ध्यावर. हातातला छोटा आरसा मागे धरून ती स्वतःची मान बघत असायची.

"मावशी, मी पत्रक काढते. एकेकाचं नाव घेऊन लिहिते."

"त्याईचं काय चुकलं? मीच बोलावलं होतं ना तिले. दर येळी बोलावलं."

"तुला खरंच तसं वाटतं?"

तिने उघड्या डोक्यावरून हात फिरवला. "दुपारी वाटते," ती म्हणाली. "डॉक्टरपाशी गेली का नाई वाटत."

त्याच आठवड्यात पूनमच्या आईचा फोन आला. पोरगी पुन्हा केसांना हात लावू देत नव्हती. मावशीच्या आजाराची बातमी जानेफळला पोचल्यापासून तिने फणी फेकून दिली होती. मानेमागे पुन्हा गोळा धरला होता आणि या वेळी हळद-कुंकू ती स्वतः लावत होती. शेजारणी परत दारात येऊ लागल्या होत्या. जत्रा जवळ आली होती.

मी मावशीला हे सांगायचं नाही असं ठरवलं आणि सांगून टाकलं. ती उठली. डोक्याला रुमाल बांधला, पिशवीत कंडिशनरची बाटली आणि रुंद दातांची फणी टाकली. "गाडी किती वाजता हाय?" उभं राहताना तिला भिंत धरावी लागत होती.

जानेफळला अंगणात पूनम खांबाला टेकून बसली होती, तशीच, न हलता. मावशी समोर येताच तिने पदरासारखी ओढणी मानेभोवती घट्ट आवळली.

"नोको, मावशी. ती माह्यापाशी परत येऊन राह्यली. पुरी आली का तुले सोडीन. मंग तू बरी होशीन."

पोरगी स्वतःचं आयुष्य द्यायला बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्याचीच मला भीती वाटली.

मावशी तिच्याकडे पाठ करून खाली बसली आणि डोक्याचा रुमाल सोडला. "बोट लाव. माह्या मानेले लाव."

पूनम हलेना.

"लाव वं. मी आख्ख्या तालुक्याच्या माना पाह्यल्या, माही कोनी पाह्यली नाई."

पूनमने बोट पुढे केलं. मावशीच्या उघड्या, पिवळट मानेवरून ते हळूहळू वर गेलं, खाली आलं.

"कोनी हाय तिथं?"

"नाई."

"नीट पाह्य."

"मोकळी हाय," पूनम म्हणाली.

"केस अकोल्याच्या औषधानं गेले. औषध रोगाच्या मागं धावते, वाटंत केस सापडले तं तेही मारते. औषध थांबलं का परत येतात. तिचं त्यात काई नाई. मी इतके वर्स तिले म्हनत होती, माह्यावर ये, माह्यावर ये. नाई आली, पोरी. एकदाही नाई आली. जे कोनी नाईच, ते येईन कुठून?"

मग तिने बादली मागवली. केस धुतले, पाणी निथळू दिलं, बाटली पूनमच्याच हातात दिली. "कानाच्या खालून. घे, आनखी घे, तुहे केस कुरळे हायेत, पितात ते. आता बोटानं सोडव. टोकापासून. वरून ओढू नोको, खालून वर ये." मावशी लवकर दमत होती, म्हणून अर्धं काम पूनमने स्वतःच केलं. गोळा नवा होता. ऊन उतरेपर्यंत सगळा सुटला.

मला मध्येच जाणवलं की मावशीने आज ते वाक्य म्हटलं नव्हतं. डोळेही मिटले नव्हते.

परतीच्या एसटीत तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी म्हटलं, "मावशी, शेवटी पटलं ना तुला?" "मले अजून भेव वाटते," ती म्हणाली. "पन ते माह्यं हाय. पोरीले काऊन देऊ?" आणि जरा वेळाने, "मी गेल्यावर हे म्हनतीन, देवीनं नेलं. तू रोगाचं नाव लिवजो. मोठ्या अक्षरात."

ती पावसाळ्याच्या आधी गेली. लोक म्हणाले, देवीने नेलं.

म्हणून लिहिते: शेंडामावशी पोटाच्या कर्करोगाने गेली. जगातली कोणतीही बाई जट सोडवल्यामुळे मरत नाही. जट ठेवल्यामुळे मात्र जिवंतपणी मरणाऱ्या बाया आजही आहेत, आपल्या बाजारात आपल्या शेजारी भाजी घेत उभ्या आहेत, आणि त्यांच्या पाया पडणारे हात आपलेच आहेत. पूनम आता दहावीला आहे. दोन वेण्या घालते. परवा भेटली तेव्हा तिने नमस्कार-चमत्कार न करता आधी माझ्या मानेमागे बोट फिरवलं.

कधी कधी जानेफळच्या गाडीत बसले असता माझ्या मानेला मागून दोन गार बोटं लागतात. मी मागे वळून पाहत नाही. वारा असतो. खिडकी बंद असली तरी मी वारा असंच म्हणते.

आता तुम्ही एक काम करा. हे वाचून खाली ठेवा आणि घरातल्या मुलीला जवळ बसवा, आजारातून उठलेली असेल तर आधी तिला. मानेमागे बोट फिरवा. गाठ लागली तर कुंकवाचा करंडा उघडू नका आणि शेजारणीला बोलावू नका. डोकं धुवा, कानाखालून शेंड्यापर्यंत कंडिशनर लावा, केस कुरळे असतील तर हात सैल सोडून लावा, आणि ओल्यातच, खालून वर, सोडवत जा. फणीचा दात तुटला, तर दुसरी फणी आणा.